पानांवरील रंध्रे जिवाणूंना कशी अडवतात, आणि आपल्या पावसाळ्यात ती कोठे अपुरी पडतात

हिरवळ (फोंडा)

मिरगाचा पाऊस एकदा स्थिरावला की कागदी लिंबाच्या कोवळ्या पालवीवर खैऱ्या या जिवाणूजन्य रोगाचे ठिपके उमटू लागतात, आणि मग बागायतदारांच्या बोलण्यात एकच प्रश्न वारंवार येतो: पान बाहेरून इतके मेणचट आणि गुळगुळीत असताना जिवाणू आत शिरतो तरी कोठून? अनेक बुरशी पानाची त्वचा भेदू शकतात. जिवाणूला ते जमत नाही, त्याला तयार वाट लागते. काट्याने झालेली जखम, नागअळीने पोखरलेली जागा किंवा पानाला मुळातच असलेली रंध्रे, अशा मोजक्याच वाटा त्याच्यासमोर असतात. यांपैकी पर्णरंध्रांविषयी येथे सविस्तर लिहावेसे वाटते. जिवाणूची चाहूल लागताच ती मिटतात, म्हणजेच झाडाच्या रोगप्रतिकारात त्यांचा स्वतःचा वाटा आहे, ही गोष्ट गेल्या वीस वर्षांत पुरेशी स्पष्ट झालेली आहे आणि तरीही शेतीविषयक चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो.

प्रत्येक पर्णरंध्र म्हणजे दोन रक्षक पेशींमधली फट. या पेशींत पोटॅशियमचे आयन आणि त्यांच्यामागोमाग पाणी शिरले की त्या फुगून वाकतात व फट उघडते. आयन आणि पाणी बाहेर गेले की त्या सैलावतात व फट मिटते. पानाच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये अशी रंध्रे साधारणपणे १०० ते ३०० असतात, जरी झाडाच्या जातीनुसार हा आकडा बराच बदलतो. आंब्यात आणि लिंबात ती पानाच्या खालच्या बाजूला, तर भातात दोन्ही बाजूंना आढळतात. उघड्या रंध्राची रुंदी काही मायक्रोमीटर भरते आणि जिवाणूची लांबी जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर असते. पानावर पाण्याचा पातळ थर असेल तर तो त्या फटीतून पोहतच आत जातो.

२००६ साली अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात माएली मेलोट्टो, शेंग-यांग ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फटीकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या वनस्पतीची पाने उजेडात ठेवून त्यांनी रंध्रे उघडू दिली आणि मग पानांना टोमॅटोवर ठिपके पाडणारा स्यूडोमोनास सिरिंगे हा जिवाणू लावला. तासा-दोन तासांत बहुसंख्य रंध्रे मिटली. माणसाला आजारी पाडणाऱ्या, पण वनस्पतीत रोग न करणाऱ्या ई. कोलाय ओ१५७:एच७ या जिवाणूच्या बाबतीतही तेच झाले, आणि त्याच्या बाबतीत ती प्रयोग संपेपर्यंत मिटलेलीच राहिली. स्यूडोमोनासच्या बाबतीत मात्र तीन-चार तासांनी ती पुन्हा उघडली. माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म या फरकात आहे: मिटणे हे झाडाचे काम होते आणि उघडणे हे जिवाणूचे.

झाडाला जिवाणू ओळखता येतो तो त्याच्या ठरावीक अवयवांवरून. जिवाणूला पोहण्यासाठी शेपटीसारखी कशाभिका असते. ती फ्लॅजेलिन या प्रथिनाची बनलेली असते, आणि त्या प्रथिनातील २२ अमिनो आम्लांचा एक तुकडा रक्षक पेशीवरील एफएलएस२ नावाचा ग्राहक (बाहेरची खूण ओळखणारे प्रथिन) नेमका ओळखतो. तो एकदा जुळला की पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, कॅल्शियम आत शिरते, ऋण आयनांच्या वाहिन्या उघडतात, त्यापाठोपाठ पोटॅशियम व पाणी बाहेर जाते आणि फट मिटते. दुष्काळात झाड पाणी वाचवण्यासाठी ज्या अ‍ॅब्सिसिक आम्लाच्या आधाराने रंध्रे मिटवते, त्याचाही या कामात सहभाग असतो. एकच यंत्रणा तहान आणि रोग या दोन्ही प्रसंगी उपयोगी पडते.

हे सारे रंध्रापाशीच घडते याचा पुरावा मला फार समाधानकारक वाटतो. ज्या रोपांत एफएलएस२ ग्राहकच नाही त्यांच्यावर जिवाणू फवारला तर रोग जास्त बळावतो. पण तोच जिवाणू सिरिंजने थेट पानाच्या आत सोडला तर ती रोपे आणि साधी रोपे यांत विशेष फरक राहत नाही. हे २००४ मध्येच दिसून आले होते. म्हणजे त्या ग्राहकाचे मोठे काम दारावर आहे, घरात नाही.

---

कुळागर (सत्तरी)

हिरवळताई, आपण अतिशय नेटके लिहिले आहे. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. स्यूडोमोनासने रंध्र पुन्हा उघडले ते कशाच्या बळावर? रात्री रंध्रे मिटलेली असतात, मग रात्रीच्या पावसात झाड सुरक्षित समजावे काय? आणि आमच्या सुपारीवरील कोळेरोगालाही हेच लागू होते का?

---

हिरवळ (फोंडा)

कोळेरोगाचे उत्तर आधी देते, कारण ते सोपे आहे. त्याचे कारण असलेला फायटोफ्थोरा हा जिवाणू नव्हे. तो बुरशीसारखा दिसणारा वेगळ्याच गटातील जीव आहे आणि कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, तो मुख्यतः सुपारीच्या फळांवर हल्ला करतो. या धाग्यातील विवेचन त्याला लावू नये.

रंध्र उघडणारे द्रव्य म्हणजे कोरोनाटिन. झाडात जॅस्मोनिक आम्ल नावाचे संप्रेरक असते, जे प्रामुख्याने पान कुरतडणाऱ्या किडींविरुद्ध आणि जखमेनंतर कामाला येते. जॅस्मोनिक आम्लाचा मार्ग जोरात असला की जिवाणूंविरुद्धचा सॅलिसिलिक आम्लाचा मार्ग दबतो. कोरोनाटिनची घडण जॅस्मोनिक आम्लाच्या सक्रिय रूपाशी इतकी मिळतीजुळती आहे की झाडाचा ग्राहक त्याला आपलेच समजतो, सॅलिसिलिक आम्लाचे उत्पादन मंदावते आणि मिटलेले रंध्र उघडते. ज्या स्यूडोमोनासला कोरोनाटिन बनवता येत नाही तो पानावर लावला असता फारसा रोग करू शकत नाही, पण पानाच्या आत सोडला तर बऱ्यापैकी करतो. प्रत्येक जिवाणूकडे कोरोनाटिन नसते, हेही ध्यानात ठेवावे. स्यूडोमोनासच्याच दुसऱ्या एका प्रकाराकडे सिरिंगोलिन नावाचे वेगळे द्रव्य असते, आणि कोबीवर काळा कुजका रोग आणणारा झँथोमोनासही रंध्रे मिटू न देणारा पदार्थ सोडतो. निरनिराळ्या जिवाणूंनी निरनिराळ्या मार्गांनी हाच अडथळा दूर करायला शिकावे, यावरून तो अडथळा किती खरा आहे ते कळते.

रात्रीविषयी: अंधारात बहुतेक पिकांची रंध्रे मिटलेली असतात आणि तेवढी वाट अरुंद होते, हे खरे. पण पानावर उतरलेले जिवाणू रात्रभर ओलाव्यात टिकतात, आणि सकाळी उजेडाबरोबर रंध्रे उघडतात तेव्हा पान बहुधा ओलेच असते. त्यामुळे रात्रीला सुरक्षित म्हणण्यापेक्षा सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांना धोक्याचे म्हणावे, असे मला वाटते.

आता आपल्या हवामानाचा मुद्दा. २०१६ साली मेलोट्टो यांच्याच गटाने अरॅबिडॉप्सिस आणि घेवडा या दोन्हींवर दाखवून दिले की हवेतील सापेक्ष आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर गेली की जिवाणूंमुळे रंध्रे मिटण्याची क्रिया कमकुवत होते. अशा हवेत रक्षक पेशींमध्ये जॅस्मोनिक आम्लाचा मार्ग जोर धरतो आणि सॅलिसिलिक आम्लाचा मार्ग मंदावतो, म्हणजे कोरोनाटिन जे करते ते काही अंशी हवाच करून ठेवते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. दाट कुळागरात, जमिनीलगतच्या पानांपाशी हवा हलत नाही आणि दिवसेंदिवस पान सुकत नाही. तेथे रंध्रांकडून किती अपेक्षा ठेवायची याचा अंदाज यावरून यावा.

---

वायंगण (पेडणे)

भाताच्या बाबतीत एक भेद येथे नोंदवणे आवश्यक वाटते, कारण आमच्याकडे दोन निरनिराळ्या रोगांना सरसकट करपा म्हटले जाते आणि दोघांवर एकच इलाज केला जातो. दोन्ही रोग झँथोमोनास ओरायझी या एकाच जातीच्या दोन उपप्रकारांमुळे होतात, पण त्यांच्या शिरण्याच्या वाटा निराळ्या आहेत.

कडा करपा आणणारा जिवाणू मुख्यतः पात्याच्या कडेला व टोकाला असलेल्या जलरंध्रांतून (जादा पाणी थेंबाने बाहेर टाकणाऱ्या छिद्रांतून) आणि जखमांतून शिरतो व थेट पाणी वाहणाऱ्या नलिकांत पोहोचतो. म्हणूनच त्याचा करपलेला पट्टा टोकाकडून किंवा कडेने नागमोडी होत खाली उतरतो. जिवाणूजन्य रेषा रोगाचा जिवाणू मात्र पर्णरंध्रांतून शिरतो आणि शिरांच्या मधल्या मऊ भागात राहतो; त्याला शिरा ओलांडता येत नाहीत, म्हणून डाग अरुंद रेषांसारखे दिसतात. पाते उजेडासमोर धरले तर सुरुवातीच्या रेषा पारदर्शक दिसतात आणि सकाळी त्यांच्यावर मोहरीहूनही लहान, पिवळसर, चिकट थेंब ओळीने बसलेले असतात. वाळले की ते राळेच्या कणांसारखे खरखरीत लागतात. हे थेंब म्हणजे जिवाणूच, आणि पावसाच्या शिंतोड्याबरोबर ते शेजारच्या पात्यावर जातात.

जलरंध्रे पाहायची असतील तर परसातील अळूकडे सकाळी लवकर जावे. पानाच्या टोकाशी जो टपोरा थेंब लोंबत असतो तो दवाचा नसतो. मुळांनी रात्रभर वर ढकललेले पाणी तेथून बाहेर पडलेले असते. ऊन चढले की भातासारख्या पिकांत अशा थेंबाचा काही भाग पुन्हा आत ओढला जातो, आणि त्याच्याबरोबर थेंबातील जिवाणूही. जलरंध्रे पर्णरंध्रांसारखी घट्ट मिटत नाहीत. त्यामुळे पर्णरंध्रांच्या पहाऱ्याचा उपयोग रेषा रोगात अधिक आणि कडा करप्यात कमी, असा माझा निष्कर्ष आहे. कडा करप्यासाठी लावणीच्या वेळी रोपांची टोके खुडू नयेत, हा जुना सल्ला याच कारणाने योग्य ठरतो. युरियाचा अतिरेक दोन्ही रोगांत टाळलाच पाहिजे.

---

आगशीकर (तिसवाडी)

आमच्याकडे वांग्याची हिरवीगार झाडे दोन दिवसांत मान टाकतात आणि हा जिवाणूजन्य मर रोग आहे असे सांगितले जाते. हा जिवाणूही पानाच्या रंध्रांतूनच शिरतो काय? तसे असेल तर पानांवर काही फवारून उपयोग होईल का?

---

वायंगण (पेडणे)

नाही. मर रोगाचा राल्स्टोनिया हा जिवाणू मातीतून, मुळांच्या जखमांतून आणि नवीन मुळे फुटतात त्या जागांतून शिरतो, आणि पाणी वाहणाऱ्या नलिका चोंदवून टाकतो. पानावर काहीही फवारले तरी तो तेथे नसतोच. खात्री करायची असेल तर मान टाकलेल्या झाडाचे खोड जमिनीलगत कापावे आणि तो तुकडा काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात, काप पाण्यात बुडेल असा उभा धरावा. काही मिनिटांतच कापलेल्या भागातून दुधी रंगाचे बारीक धागे खाली उतरताना दिसतात. बुरशीच्या मर रोगात ते दिसत नाहीत. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने या रोगाला तोंड देणारे वांग्याचे वाण विकसित केलेले आहेत. आपण तेथे चौकशी करावी, असे मी आग्रहाने सुचवतो.

---

प्रयोगवही (मडगाव)

मी उच्च माध्यमिकच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. रंध्रांचे मिटणे मुलांना डोळ्यांनी पाहता येते, म्हणून लिहीत आहे. शाळेच्या आवारात ऱ्हिओची जांभळ्या पोटाची रोपे बहुधा असतातच. पान तिरके फाडले की खालच्या बाजूची पातळ जांभळी साल सुटते. ती पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर पसरून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली की जांभळ्या पेशींच्या फरशीत रक्षक पेशींच्या हिरव्या जोड्या उठून दिसतात, कारण हरितलवके त्यांच्यात असतात आणि शेजारच्या पेशींत फारशी दिसत नाहीत. काचेच्या एका बाजूने मिठाचे पाणी सोडून दुसऱ्या बाजूने टिपकागदाने ओढून घेतले की जोड्या सैलावून फटी मिटू लागतात.

मुलांना येथे एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. मिठाने पाणी ओढून घेतले म्हणून ही रंध्रे मिटतात; जिवाणू ओळखून पेशी स्वतः आयन बाहेर टाकते ती क्रिया वेगळी. परिणाम सारखा दिसला तरी कारण एक मानू नये.

एक शंका विचारते. मिटलेले रंध्र म्हणजे संरक्षण, तर मग सॅलिसिलिक किंवा अ‍ॅब्सिसिक आम्ल फवारून पावसाळाभर रंध्रे मिटवून का ठेवू नयेत?

---

हिरवळ (फोंडा)

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचे अर्धे उत्तर सर्वांना ठाऊक आहे: रंध्रे मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, अन्न तयार होत नाही आणि झाड वाढत नाही. आधीच ढगाळ दिवसांत उजेड कमी असतो. त्यात रंध्रेही मिटवली तर पीक उपाशी राहील.

उरलेले अर्धे उत्तर अलीकडचे आहे, आणि मिटणे नेहमीच झाडाच्या हिताचे असते ही समजूत त्याने मोडते. जिवाणू एकदा पानात शिरला की त्याला पेशींच्या मधल्या हवेच्या पोकळ्यांत पाणी हवे असते. डाळिंबावरील तेल्याचे नावच ज्या तेलकट दिसणाऱ्या डागांवरून पडले, ते डाग म्हणजे पाण्याने भरलेल्या पोकळ्या. २०१६ साली असे दिसून आले की स्यूडोमोनास हॉपएम१ आणि एव्हीआरई ही प्रथिने झाडाच्या पेशीत सोडून हे पाणी साठवतो, आणि त्यासाठी हवा दमट असावी लागते. २०२२ साली त्याचा मार्गही उलगडला: ही प्रथिने झाडाचा अ‍ॅब्सिसिक आम्लाचा मार्ग चेतवतात आणि रंध्रे मिटवतात, म्हणजे पाण्याची वाफ बाहेर जात नाही आणि पोकळ्या भरतात. ज्या जिवाणूने शिरताना दार उघडून घेतले तोच आत आल्यावर ते लावून घेतो.

झाडाकडेही याला उत्तर आहे. २०२२ मध्येच अरॅबिडॉप्सिसमध्ये अशी छोटी पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या) सापडली जी रोगाच्या हल्ल्यानंतर मिटलेली रंध्रे पुन्हा उघडायला लावतात, जेणेकरून आतले जादा पाणी निघून जावे आणि जिवाणूची सोय नाहीशी व्हावी. म्हणून केवळ मिटणे हे संरक्षण नसून योग्य वेळी मिटणे आणि योग्य वेळी उघडणे हे संरक्षण आहे. पावसाळाभर रंध्रे मिटवून ठेवणारी फवारणी पानात शिरून बसलेल्या जिवाणूला मदतच करील, अशी मला रास्त भीती वाटते, आणि कोणी तसा सल्ला विकत असेल तर तो घेऊ नये.

---

कुळागर (सत्तरी)

ताई, आता लिंबाकडे वळूया. एकाच आवारात कागदी लिंबाला खैऱ्या फार लागतो आणि संत्र्याच्या कुळातील काही झाडांना कमी. हाही रंध्रांचाच प्रताप असेल काय? आणि आम्ही करायचे तरी काय?

---

हिरवळ (फोंडा)

काही अंशी होय. १९२१ साली मॅकलीन या संशोधकाने पपनसाच्या जवळच्या, खैऱ्याला सहज बळी पडणाऱ्या एका झाडाची आणि खैऱ्या कमी लागणाऱ्या मँडरिन संत्र्याची रंध्रे ताडून पाहिली. मँडरिनच्या रंध्राच्या तोंडावर मेणचट त्वचेची कड अधिक पुढे आलेली आणि वाट अरुंद असल्यामुळे पाणी आत शिरणे अवघड होते, असे त्याला आढळले. म्हणजे मिटण्याच्या क्रियेबरोबर रंध्राची मूळ घडणही मोजावी लागते. मात्र सगळा फरक रंध्रांवर घालणे योग्य नाही. पानाच्या आतील प्रतिकारही जातीजातीत वेगळा असतो.

वाऱ्याचे महत्त्व आपण सारे कमी लेखतो. ताशी सुमारे ३० किलोमीटर किंवा त्याहून जोराच्या वाऱ्याबरोबर पाऊस आला की पाणी रंध्रांतून आत दाबले जाते, आणि अशा वेळी रक्षक पेशींनी काय ठरवले याला फारसा अर्थ राहत नाही. म्हणून लिंबाच्या बागेला नैऋत्येकडून गर्द झाडांचे कुंपण असणे हा माझ्या दृष्टीने कोणत्याही औषधाइतका मोलाचा उपाय आहे. कोवळी पाने सर्वांत नाजूक असल्यामुळे नागअळीचा बंदोबस्त पालवी फुटतानाच करावा, रोगट फांद्या पावसाआधी, कोरड्या दिवशी छाटून जाळाव्यात, ओल्या पानांत शिरून तोडणी-छाटणी करू नये आणि उन्हाळ्यात पाणी बुंध्याशी द्यावे, पानांवर नाही.

बोर्डो मिश्रण आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचे आहे: १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. त्यातील तांबे पानाच्या पृष्ठभागावर राहते आणि तेथेच जिवाणू मारते; रंध्रातून आत गेलेल्या जिवाणूपर्यंत ते पोहोचत नाही. ठिपके दिसल्यावर केलेली फवारणी त्या ठिपक्यांसाठी उशिराची असते, पुढच्या पालवीसाठी मात्र वेळेवरची ठरू शकते. फवारा पानाच्या खालच्या बाजूला बसला की नाही हे पान उलटून पाहावे, कारण लिंबाची रंध्रे तेथेच आहेत. पाठीवरच्या पंपाने वरून मारलेला फवारा बहुधा वरच्याच बाजूला राहतो.

---

प्रयोगवही (मडगाव)

जिवाणूने रंध्र उघडूच नये असे झाड तयार करण्याचे प्रयत्न झाले आहेत काय?

---

हिरवळ (फोंडा)

होय. २०१९ साली स्पेनमधील संशोधकांनी जनुकात नेमका बदल करणाऱ्या क्रिस्पर तंत्राने टोमॅटोतील जेएझेड२ नावाचा जनुक अशा रीतीने बदलला की कोरोनाटिन आले तरी रक्षक पेशी त्याला दाद देत नाहीत. हा जनुक रंध्रांत विशेष सक्रिय असतो, म्हणून तोच निवडला गेला. त्या रोपांत स्यूडोमोनासमुळे होणारा ठिपक्यांचा रोग कमी झाला. जॅस्मोनिक आम्लाच्या मार्गात फेरफार केला की करड्या बुरशीसारख्या रोगांचा प्रतिकार घटण्याची भीती असते. या टोमॅटोत तो घटलेला आढळला नाही. लिंबावरील किंवा भातावरील झँथोमोनासकडे कोरोनाटिन नाही, त्यामुळे हाच बदल आपल्या खैऱ्यावर किंवा रेषा रोगावर जसाच्या तसा चालणार नाही. त्या जिवाणूंची रंध्रापाशी वापरायची साधने वेगळी आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळे जनुक निवडावे लागतील.